अण्णा सेटवर आले तो दिवस

सिनेमासाठी घरं बांधायची हा माझा धंदा. पण काय करतोस असं कुणी विचारलं, की मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचो. 'कला दिग्दर्शक' हा शब्द आमच्या नातेवाइकांत कुणाला कळण्यासारखा नव्हता, आणि नुसतं 'सिनेमात आहे' म्हटलं की समोरचा माणूस गालात हसायचा. माझ्यासाठी सांगून आलेली दोन स्थळं त्या एका वाक्यावर परत गेली होती. आईने मग तो विषयच बंद केला.

आमचं घराणं कैक पिढ्या बंगळूरचं. महाराष्ट्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. घरात मराठी बोलायचो, पण तिच्यात निम्मी कानडी मिसळलेली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बंगळुरातल्या शिवाजीनगरात लष्करी अधिकाऱ्यांचे कोट शिवणाऱ्या एका दुकानात ते कापडं बेतायचे. अण्णा कमी बोलणारे आणि नीटनेटके. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही, पण कधी काही विचारलंही नाही.

मी सुरुवात केली ती नाटक कंपनीचे पडदे रंगवण्यापासून. जंगल, राजवाडा, रस्ता, मग पुन्हा जंगल. पुढे थिएटरांवरचे बोर्ड रंगवले आणि मग शहराबाहेरच्या एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या हाताखाली बरीच वर्षं भिंती उभारल्या. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर केव्हातरी मला पहिला स्वतंत्र चित्रपट मिळाला. त्यात एका बड्या जमीनदाराचा दिवाणखाना हवा होता.

तो दिवाणखाना मी जीव ओतून केला. समोर वळत जाणारा जिना, दोन्ही बाजूंना जाडजूड दगडी खांब, खाली संगमरवर. जिना वर गेल्यावर कुठेच जात नव्हता, मागे नुसती लाकडी शिडी होती. संगमरवर म्हणजे रंगवून मेण चोळलेला कागद. खांब म्हणजे बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि वर प्लास्टर. दगडाच्या शिरा मी स्वतः बारीक ब्रशने काढल्या होत्या. कॅमेरामन सेटवर आला तेव्हा क्षणभर दारातच थबकला, आणि त्या दिवशी मला माझ्या धंद्याची अजिबात लाज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात मेजवानीचा प्रसंग चित्रित व्हायचा होता. गर्दीसाठी प्रतिष्ठित दिसणारी वयस्क माणसं हवी होती. आमच्याच गल्लीत राहणारा एक जण स्टुडिओला अशी माणसं पुरवायचा. सकाळी त्याने ती आणून उभी केली. मी जिन्यामागे एक सैल झालेली फळी ठोकून घेत होतो, त्यामुळे कोण आलंय ते पाहिलं नाही.

तालीम सुरू झाली आणि काही वेळातच दिग्दर्शकाचा आवाज चढला. मी पुढे येऊन पाहिलं. डावीकडचा खांब वरपासून हलत होता, त्याच्या टोकाशी प्लास्टरला तडा गेला होता आणि खाली पांढरा भुगा पडला होता. खांबापाशी एक म्हातारा उभा होता. डोक्याला रुमाल, अंगात काळा बंद गळ्याचा कोट. कोटावरून मी ओळखलं. तो अण्णांनी स्वतःच्या हाताने शिवलेला, लग्नकार्यात घालायचा कोट होता.

दिग्दर्शक त्यांना नाही नाही ते बोलत होता. अक्कल आहे का, कुणी आणलं या म्हाताऱ्याला, याला बाहेर काढा, असं सगळ्यांसमोर. गर्दीतली माणसं मजेत बघत होती. अण्णा हात जोडून उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. मी त्यांचा कुणी नाही असंच त्यांना दाखवायचं होतं. मला वाचवायला ते तसं करत होते.

मी पुढे जाऊन म्हणालो, "सर, हे माझे वडील आहेत."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. तो ओशाळला, त्याने स्वतः जमीनदाराची मोठी खुर्ची ओढून आणली आणि अण्णांना बसवलं. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले आणि कानडीत म्हणाले, "चूक माझीच. मला तो दगडाचा वाटला, म्हणून टेकलो."

यावर सगळे मोकळेपणी हसले. कॅमेरामनने माझ्या पाठीवर थाप मारली. याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं, असं म्हणाला. मीही हसलो असेन. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते तळव्याने कोटाच्या बाहीवरचं प्लास्टर झटकत होते आणि ते जाण्याऐवजी काळ्या कापडात आणखीच पसरत होतं.

ते थांबायला तयार नव्हते. खांबाची डागडुजी मी माणसांवर सोपवली आणि त्यांच्याबरोबर निघालो. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. शेवटी मी विचारलं, असं गर्दीतून का आलात, मला सांगायचं नाही का.

"तू कधी ये म्हणालाच नाहीस," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. मग स्वल्प थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. होसकोट्याच्या आत्याकडे आणि तिकडच्या सगळ्या सोयऱ्यांत त्यांनी सांगून ठेवलं होतं, की मी सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आहे. वर्षानुवर्षं. "आपण खोटं बोलतोय ते निदान कशाबद्दल, एवढं तरी डोळ्यांनी बघावं म्हटलं," ते म्हणाले.

मला वाटत होतं की माझ्या कामाची लाज मला एकट्यालाच वाटते. ती आम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळी सांभाळत होतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मला स्टुडिओत जीव लावता येईना. प्लास्टरचा वास आला की कोटाची ती बाही आठवायची. त्याच सुमाराला राजाजीनगरात पुण्याच्या एका इंजिनिअर कुटुंबाने नवं घर बांधलं होतं. त्यांना आतली सजावट करून हवी होती. कपाटं, पडदे, बैठकीची खोली. मी ते काम घेतलं. खरं सागवान आणि खऱ्या विटांची भिंत. तरी त्या घरातल्या बाईंनी आधी कुठं काम केलं असं विचारलं, तेव्हा मी सिनेमाचं नाव घेताना पडद्याच्या कापडाची घडी उलगडत होतो, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागणार नाही.

वर्षाच्या आत होसकोट्याला आत्याच्या नातीचं लग्न निघालं. अण्णांनी तोच कोट घातला. आईने तो कितीदा धुतला होता, पण उन्हात बाहीवर फिकट छटा दिसत होती. मांडवात जेवायला बसलो असताना आत्याच्या व्याह्यांनी चौकशी केली, चिरंजीव अजून ड्रॉइंग ऑफिसातच का, बढती वगैरे मिळाली का.

मी पानावरची कोशिंबीर बोटाने कालवत राहिलो. अण्णा म्हणाले, "तिथं तो कधीच नव्हता. मी खोटं सांगितलं होतं. तो सिनेमातली घरं बांधतो. मी आत जाऊन आलोय. दगड कुठला आणि गोणपाट कुठलं, मला कळलं नाही."

पंगतीतले चार-दोन चेहरे आमच्याकडे वळले. पलीकडून कुणीतरी हसलं. अण्णा ताठ बसून होते, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. काही कळायच्या आत मी घाईघाईने म्हणालो, "आता बंगल्यांचं काम करतो मी. राजाजीनगरात. मोठ्या साहेबांचं घर केलंय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, लहानपणी मी पडलो की बघायचे तसं.

"सरी, बरोबर आहे, तेही करतो," ते व्याह्यांना म्हणाले, आणि त्यांनी वाढणाऱ्याला माझ्या पानात आणखी भात घालायला सांगितलं.