हिंगाचा खण

बंगळुरात विकायला आलेलं कुठलंही जुनं लाकूड एक तर म्हैसूरच्या राजवाड्यातून आलेलं असतं, नाही तर कुर्गातल्या एखाद्या कॉफीवाल्या साहेबाच्या बंगल्यातून. बाकीची प्रजा पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसली असावी आणि आपलं सामान तिने हवेत ठेवलं असावं. शिवाजीनगरच्या ज्या दुकानात मला ते खणांचं कपाट दिसलं, तिथल्या मालकाने ते राजवैद्याचं असल्याचं सांगितलं. कोणत्या राजाच्या, असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे जरा दुःखाने पाहिलं आणि पॉलिशवरून फडकं फिरवलं.

कपाट मात्र देखणं होतं. सागवानी, छातीएवढं उंच, वर ओळींनी लहान खण आणि तळाशी एकच मोठा. प्रत्येक खणाला पितळी मूठ आणि तिच्यावर इनॅमलची पांढरी पट्टी, पट्टीवर निळी कानडी अक्षरं. इतकी वर्षं इथे राहून मी कानडी बोलते ते रिक्षापुरतं आणि वाचते ते बसच्या नंबरापुरतं. त्यामुळे मला ती अक्षरं नक्षीसारखी आवडली.

कपाट हवं होतं ते शिवणाच्या सामानासाठी. इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी सोडताना मी सगळ्यांना सांगितलं होतं की आता गोधड्या शिवणार, भरतकाम करणार. प्रत्यक्षात वर्षभर केली ती खरेदी. रेशमाच्या लडी, फिती, बटणं, अस्तरं, चार प्रकारच्या कात्र्या. हे सगळं बिस्किटांच्या डब्यांत, बुटांच्या खोक्यांत आणि पलंगाखाली साठत गेलं. आपण आता दुकानावर झोपतो, असं नवरा म्हणायचा.

त्यात पुण्याला वहिनीला दिवस गेले. आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या वापरून मऊ झालेल्या पातळाचं करतात. आई आदल्या वर्षीच गेली होती, म्हणून ते काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. आईच्या जरीच्या साड्या मावश्या आणि मामेबहिणी आठवण म्हणून घेऊन गेल्या. जरीच्या आठवणी भराभर वाटल्या जातात. माझ्या वाट्याला राहिलं एक फिकट निळं सुती पातळ, आणि त्याला आईचा वास होता. तिच्या केसांच्या तेलाचा, खळीचा, आणखी कशाकशाचा. मी पिशवी उघडायची, नाक आत घालायचं आणि पिशवी घट्ट बंद करायची. कात्री लावली की दुपटं होणार होतं आणि पातळ संपणार होतं. विचारणाऱ्यांना मात्र मी सांगायची की सामान ठेवायला नीट जागा नाही, जागा झाली की बसतेच शिवायला.

मग जागा झाली. मी रेशीम रंगांप्रमाणे लावलं. ते बरं दिसेना म्हणून जाडीप्रमाणे लावलं, मग परत रंगांप्रमाणे. बटणांचा खण खिडकीच्या बाजूला हवा की दाराच्या, यावर एक आठवडा गेला. कपाट एकदा बैठकीच्या खोलीत, एकदा बाल्कनीच्या दाराशी, मग परत आत गेलं. पातळ पिशवीतून काढून, घडी मोडून, तळाच्या मोठ्या खणात मोकळं ठेवलं. लाकडात कापड श्वास घेतं, असं कुठेतरी वाचलं होतं. ते खरं निघालं.

"राजवैद्याचं आहे यात शंका नाही," नवरा एकदा चहा पिता पिता म्हणाला. "तू याच्यासमोर बसलीस की तुझा काम करायचा आजार लगेच बरा होतो."

मी फितींचा खण बाहेर ओढला.

उन्हाळा लागला. पॉलिशचा वास हळूहळू उडाला. भावाचा फोन आला, मुलगी झाली, बारशाला दुपटं घेऊन ये. मी तळाचा खण उघडला तर आतून फोडणीचा भपका आला. हिंग. कोणीतरी डबाभर ओतावा तसा. पातळाचा पदर हुंगला, काठ हुंगला, मधली घडी हुंगली. सगळीकडे हिंग. आई कुठेच नव्हती. मी ते बाल्कनीत झटकलं, गच्चीवर नेऊन वाळत घातलं, तासाने परत हुंगलं, उलटं करून घातलं. त्या दिवशी मी किती वेळा जिना चढले कोण जाणे.

शेवटी घरमालकीण अक्का वर आल्या. यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात अर्धी कानडी. त्यांना वाटलं कोणाचं तरी सांबार करपलं. मी त्यांना खाली नेऊन कपाट दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी तळाची पट्टी वाचली.

"इंगु लिवलंय की वो. हिंग. ह्ये ग्रंथिगे अंगडीचं कपाट."

ग्रंथिगे अंगडी म्हणजे सुंठ-पिंपळी, काढ्याचं सामान विकणारं दुकान. अक्का वरचे खणही वाचत गेल्या. माझं गुलाबी रेशीम ओव्यात होतं, बटणं पिंपळीत. हिंग बाकीच्या मालाला लागू नये म्हणून दुकानदाराने त्याला सगळ्यात खाली, एकटं ठेवलं होतं. राजवैद्याला मी मनातून निरोप दिला.

अक्कांनी सोडा सांगितला, लिंबू सांगितलं, कडक ऊन सांगितलं. तरी स्वल्प वास राहीलच म्हणाल्या. पण पोट दुखलं की बाळाच्या बेंबीवर हिंग लावतातच, तेव्हा काळजी कशाला? मी म्हटलं, प्रश्न बाळाचा नाही. पातळ आईचं होतं, तिचा वास होता त्याला, आता गेला.

"वासासाठी ठेवलंवतं काय?"

मी हो म्हटलं.

"सरी. मग आता कापा की," अक्का म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

मला त्यांचा राग आला. तो संध्याकाळपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी पातळ दोनदा धुतलं, वाळवलं, जमिनीवर पसरलं आणि कापलं. कापताना निऱ्यांच्या भागात आतल्या बाजूला एक रफू सापडलं. निळ्यावर लाल दोरा, टाके वेडेवाकडे. हाताशी तोच दोरा असणार, आणि आईला शिवणाचा कंटाळा. माझ्याकडे निळ्याच्याच इतक्या छटा लावून ठेवलेल्या होत्या. ते रफू मी दुपट्याच्या मध्यावर येईल असं बेतलं.

बारशाला वहिनीच्या आईने दुपटं हातात घेतलं, नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे पाळण्यात अंथरलं. मुलगी त्यावर गाढ झोपली. पानं वाढायची होती, घुगऱ्या वाटायच्या होत्या. मी हातातलं काम टाकून सारखी पाळण्याशी जाऊन वाकत होते, अगदी खाली, कापडाला नाक लागेपर्यंत. सगळ्यांना वाटलं, आत्याला भाचीचं काय कौतुक.