काचबाई आणि चौदा स्टुलं

आमच्या कॉलेजात प्राचार्यांना घाबरणारे लोक होते, पण रसायनाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणारा प्रत्येकजण घाबरायचा तो काचबाईंना. त्यात प्राचार्यही आले. ते प्रयोगशाळेत शिरताना दारातच थांबून आधी कोपर अंगाशी घ्यायचे. एकदा त्यांच्या कोपराने बाटली पडली होती, आणि बाईंनी मोडतोडीच्या वहीत त्यांची सही घेतली होती.

बाई प्राध्यापक नव्हत्या. त्या प्रयोगशाळेतल्या परिचर. बाटल्या भरायच्या, ब्युरेटी, म्हणजे खाली तोटी असलेल्या लांब मापनळ्या, धुवायच्या, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या, हे त्यांचं काम. शिक्षण शाळेपुरतं. पण अठ्ठावीस वर्षं त्या पोरांच्या मागे उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे कोणाचा हात कुठे चुकणार हे चुकायच्या आधीच त्यांना कळायचं. पोरांची नावं त्या लक्षात ठेवत नसत. म्हणायच्या, "नावं दरवर्षी बदलतात, चुका त्याच असतात." म्हणून नावंही चुकांवरून पडायची. मी पहिल्याच दिवशी ब्युरेटची तोटी अर्धवट लावून टेबल ओलं केलं, तेव्हापासून मी 'गळकी तोटी'. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा कुजबुजला तरी चौथ्या टेबलापर्यंत ऐकू जायचं. तो 'भोंगा'.

बाईंचे यजमान शिंपी होते, बाजारात त्यांचं छोटं दुकान. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर शांत माणूस. त्यांची एकच तक्रार होती, ती ते सगळ्यांना हसत सांगत: "लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण घरात मला काचेच्या पेल्यातून पाणी मिळालेलं नाही. सगळं स्टीलचं. म्हणते, काच कामावर बघते तेवढी पुरे."

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका सोमवारी फलकावर सूचना लागली. कॉलेजचं सरकारी अनुदान एक तृतीयांशाने कमी झालं होतं. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं बंद. त्याऐवजी प्रयोगशाळेत मोठा पडदा लावणार, पडद्यावरचा माणूस प्रयोग करणार आणि आम्ही साठजणांनी तो बघून वहीत उतरवायचा.

"म्हणजे काठावर बसून पोहायला शिकायचं," भोंगा म्हणाला. हे त्याने हळू म्हटलं होतं, पण जिन्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

मंगळवारी सकाळी आम्ही फाटकाबाहेर धरणं धरलं. आमची तयारी जय्यत होती. घोषणा होत्या, कापडी फलक होता, भोंगा तर होताच. फक्त फाटकासमोर आदल्याच आठवड्यात नवी खडी टाकली आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. टोकदार खडीवर बसून तासाभरात क्रांतीचा जोर कमी व्हायला लागला. घोषणांपेक्षा कण्हणं जास्त. तेव्हा भोंग्याने आणि मी ठरवलं की प्रयोगशाळेतली स्टुलं आणू. बाई आतल्या साठ्याच्या खोलीत बाटल्या पुसत होत्या. चार फेऱ्यांमध्ये आम्ही चौदा स्टुलं बाहेर काढली. न विचारता.

अर्ध्या तासाने बाई फाटकात आल्या, काखेत वही. त्यांना पाहून घोषणा आपोआप थांबली.

"उठा," बाई म्हणाल्या.

कोणी उठलं नाही. धाडसामुळे नव्हे, जो आधी उठेल त्याचं नाव वहीत आधी चढेल म्हणून. शेवटी भोंगा म्हणाला, "बाई, आम्ही उठलो तर आंदोलन मोडेल."

"आणि बसलात तर स्टूल मोडेल. त्याचं काय?"

"नाही मोडणार."

"अठ्ठावीस वर्षं ऐकतेय हे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. एकेकाला पुढे बोलावून त्यांनी प्रत्येक स्टूल त्याच्या नावावर टाकलं. वहीत एक रकाना होता: 'कशासाठी'. भोंग्याने त्यात ऐटीत 'आंदोलन' असं लिहिलं. बाईंनी ते खोडलं, वर 'बसण्यासाठी' असं लिहिलं आणि मग त्याची सही घेतली.

सह्या झाल्या तरी बाई गेल्या नाहीत. पंधरावं स्टूल त्यांनी स्वतःच्या हातांनी आणलं, फाटकाच्या कडेला सावलीत ठेवलं आणि त्यावर बसल्या. आत प्रात्यक्षिकं बंदच होती. जिथे आपलं सामान तिथे आपण, असा त्यांचा सरळ हिशेब. कोणी स्टूल मागच्या दोन पायांवर झुलवलं की त्या नुसत्या "अं" म्हणायच्या, की चारही पाय जमिनीवर.

दुपारी मास्तर डबा घेऊन आले. प्रयोगशाळेला कुलूप पाहून विचारत विचारत फाटकापर्यंत पोचले, तर बायको घोषणा देणाऱ्यांच्या घोळक्यात बसलेली.

"अगं, तू कधीपासून यांच्यात?"

"मी नाही. स्टुलं," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली. एकतीस वर्षांच्या संसारात कुठे पुढचा प्रश्न विचारायचा नाही, हे त्यांना पाठ झालं होतं. मग त्यांची नजर आमच्या फलकावर गेली. त्यांनी कडा दोन बोटांत धरून पाहिली आणि चेहरा असा केला की जणू कोणी सदरा उलटा घातलाय. "याला दुमड नाही. वाऱ्याने उद्या चिंध्या होतील. संध्याकाळी देतो." आणि आमच्या मागण्या गुंडाळून काखेत मारून ते निघून गेले. त्या दुपारी आम्ही फलकाशिवाय आंदोलन केलं. संध्याकाळी फलक परत आला तो चारी बाजूंनी दुहेरी शिवण घालून, कोपऱ्यांत दोरीसाठी काज करून. इतका नेटका फलक त्या शहरातल्या कुठल्याच आंदोलनाने पाहिला नसेल.

बुधवारी प्राचार्यांनी बाईंना फाटकातच गाठलं. आत बोलावलं असतं तर त्या स्टुलं सोडून आल्या नसत्या.

"बाई, तुम्ही कर्मचारी आहात. तुम्ही आंदोलनात बसलात, हे मला वर कळवावं लागेल."

"मी आंदोलनात नाही, सर. स्टुलं आंदोलनात आहेत. मी स्टुलांबरोबर आहे."

या वाक्यावर कुठला नियम लावायचा हे प्राचार्यांना आठवेना. माणूस तसा वाईट नव्हता; पैसे कमी झाले होते ते काही त्यांनी खाल्ले नव्हते. "बरं, जपून," एवढंच म्हणून ते गेले. कोपर अंगाशी धरूनच.

बाईंना आमची बाजू पटली होती, असं मात्र नाही. "ओरडून काय होतंय?" असं त्या दिवसातून चार वेळा म्हणायच्या. "घसा बसेल, आणि सरकारला काही ऐकू जाणार नाही. या भोंग्याचंसुद्धा." आम्ही समजवायला गेलो की म्हणायच्या, "मला नका सांगू. मी बसण्यासाठी आले."

शुक्रवारी पडदा आला. प्राचार्यांना वाटलं, पोरांना तो दाखवला तर त्यांचा विरोध मावळेल. म्हणून त्यांनी भोंग्याला आणि मला आत बोलावलं. प्रयोगशाळा उघडायला बाई आल्या. खिडक्यांचे पडदे ओढले, आणि समोर पांढराशुभ्र कोट घातलेला एक हसरा माणूस दिसू लागला. मागे मंद संगीत. तो सांगत होता की आज आपण आम्लाचं प्रमाण काढणार आहोत. हात छान होते त्याचे, नखं कापलेली. त्याने पिपेट, म्हणजे ठरलेल्या मापाची काचनळी, भरली, चंबूत सोडली आणि शेवटी टोकाशी राहिलेला थेंब फू करून उडवला.

"थांबवा," बाई म्हणाल्या.

यंत्रवाल्याने घाबरून थांबवलं. तो माणूस पडद्यावर गाल फुगवलेला तसाच राहिला.

"फुंकलं त्याने."

"काय फुंकलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"शेवटचा थेंब. तो आत राहू द्यायचा असतो, सर. तो सोडूनच पिपेटीचं माप ठरवलेलं असतं. पहिल्या दिवशी पोर येतं तेव्हा तेही फुंकतं. मी मागून हात धरते. याचा हात कोण धरणार?"

"बाई, इतकं बारीक कोण बघतं?"

प्राचार्य हे सहज बोलून गेले. त्यांना वाईट म्हणायचं नव्हतं. पण बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. हातातून चंबू निसटल्यावर आमचे व्हायचे, तसा.

"मी बघते," त्या म्हणाल्या.

जिना उतरून खालच्या पायरीवर थांबून त्या मला म्हणाल्या, "गळके, आंदोलनाला अजून काय काय लागतं?"

सोमवारी अनुदानाची पाहणी करायला शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते. त्या सकाळी फाटकाबाहेर खडीवर प्रयोगशाळेतलं लांब टेबल उभं राहिलं. भोंग्याने आणि आणखी चौघांनी ते वाहून आणलं, बाई पुढे उलट्या चालत, कुठल्या पायरीला किती तिरकं करायचं ते सांगत. काच मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिली नाही. दोन ब्युरेटी टॉवेलात गुंडाळून, नुकतंच जन्मलेलं मूल आणावं तशा त्या छातीशी धरून आल्या. "आज ओरडायचं नाही," त्यांनी सांगितलं. "आज काम करायचं." आणि आम्ही काम सुरू केलं: टायट्रेशन. एकेकजण येऊन ब्युरेट भरत होता, तोटी फिरवत होता, चंबू हलवत होता. रस्त्यावरचे लोक थांबायला लागले. आठवडाभर आमच्या घोषणांना मान न वळवणारा समोरचा घड्याळदुरुस्तीवाला दुकान सोडून आला आणि थेंब मोजत उभा राहिला.

साहेब आले ते गाडीतून उतरून पाच मिनिटं बघतच राहिले. मग आमच्याकडे वळून समजुतीने म्हणाले, "हे सगळं पडद्यावर दिसतंच की. याहून मोठं दिसतं."

भोंग्याने श्वास घेतला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने तो सोडून दिला.

"साहेब, तुम्ही करून बघता का?" बाई म्हणाल्या.

"मी? मी इतिहासाचा माणूस."

"सोपं आहे. थेंब थेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं."

इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि तोटी फिरवली. चंबूतलं पाणी नितळ राहिलं, नितळच राहिलं, आणि मग एकदम गर्द जांभळट गुलाबी झालं.

"लग्नाच्या साडीसारखं झालं," बाई म्हणाल्या. "परत."

दुसऱ्या खेपेलाही साडीच. पण आता ती थोडी विटलेली होती. बाई साहेबांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्यांच्या मनगटाखाली हात धरला, आमच्या धरायच्या तसा. "डावा हात तोटीवर. उजव्याने चंबू फिरवा. रंग येऊन जातोय, दिसलं? आता घाई नको. आता अर्धा थेंब."

"अर्धा थेंब कसा सोडतात?"

"तेच तर शिकायला पोरं येतात."

तिसऱ्या खेपेला पाणी गुलाबी झालं की नाही असं वाटावं इतकंच गुलाबी झालं. साहेब चंबू उजेडात धरून बघत राहिले. त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं ते साहेबाचं नव्हतं, पोराचं होतं. ते बराच वेळ चंबू परत द्यायला विसरले. बाईंनी तो मागून घेतला.

आता खरं सांगायचं तर सगळं काही आम्हाला मिळालं नाही. साहेबांच्या अहवालानंतर अनुदानातली निम्मी कपात मागे घेतली. दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं दर आठवड्याला सुरू झाली, पहिल्या वर्षाची पंधरा दिवसांतून एकदा. पडदाही राहिला, त्यावर आता दूरच्या पाहुण्यांची व्याख्यानं दाखवतात. आम्हाला निम्म्या विजयाचं वाईट वाटत होतं. बाई म्हणाल्या, "निम्मी ब्युरेट भरलेली असली तरी टायट्रेशन होतं."

बाईंना मात्र कारणे दाखवा नोटीस आली. सामान परवानगीविना आवाराबाहेर का नेलं, लेखी खुलासा करावा. खुलासा लिहायला मी बसले. दोन पानं लिहिली, त्यात लोकशाही होती, शिक्षणाचा हक्क होता. बाईंनी ती वाचली, घडी घालून ठेवली आणि कोऱ्या कागदावर स्वतः एक ओळ लिहिली: 'सामान बाहेर नेलं, सगळं धुऊन परत आणलं, काही फुटलेलं नाही.' प्राचार्यांनी त्यावर 'ठीक' असा शेरा मारून प्रकरण मिटवलं.

परीक्षा संपल्यावर मी वही जमा करायला गेले होते. बाई एकट्याच होत्या. त्यांनी दार लोटलं आणि जरा अवघडून विचारलं, "गळके, ब्युरेटीवरचा हा आकडा आला, की पुढे काय करतात?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हजारो पोरांना तो आकडा अचूक काढायला लावला होता. पोरं तो वहीत लिहून घेऊन वर्गात जायची. पुढचं गणित कधी त्यांच्यासमोर झालंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही आठवड्यातून दोन दुपारी बसलो. पहिल्यांदा त्यांनी समीकरणाकडे अशा संशयाने पाहिलं की ते आपण होऊन दुरुस्त होईल असं वाटलं. पण महिन्याभरात त्या घरच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन आल्या. त्यात क्षार किती ते काढायचं होतं. तीन वेळा केलं, तीनही आकडे जुळले, गणित त्यांनी स्वतः मांडलं. पाणी चांगलंच कठीण निघालं.

मास्तरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं फेस येत नव्हता ते साबणामुळे नाही. आणि मी दर महिन्याला साबण बदलतोय."

बाईंनी आकडे स्वच्छ अक्षरांत कागदावर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नगरपालिकेच्या पाणी खात्यात गेल्या. तिथल्या कारकुनाने सांगितलं, कागद ठेवून जा. बाईंनी आजूबाजूला बघितलं, एक रिकामी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मी थांबते. वाचून घ्या."