माहेरचं नाव, सासरचं नाव

नव्व्याण्णव साली नाशिकच्या एका प्रसूतिगृहाने आपला कारभार कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं आणि ते काम इंदिरानगरच्या ललिताकडे आलं. तेव्हा शहरात कॉम्प्युटर म्हणजे पोरांचे क्लास आणि दुकानांची बिलं. ललिताला मात्र सोप्या वाटेचं वावडंच. तिने ऑब्जेक्टच्या पद्धतीने प्रोग्राम लिहायचं मनावर घेतलं. ऑब्जेक्ट म्हणजे काय, तर एका बाईची सगळी माहिती आणि त्या माहितीचं काय करायचं याचे नियम, एकाच गाठोड्यात बांधलेले. असं प्रत्येक गाठोडं डेटाबेसमध्ये ठेवायचं आणि हवं तेव्हा नावाने हाक मारून बाहेर काढायचं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नावं कशाला? सरळ नंबर द्या."

"नंबराचा कागद बायका घरी विसरतात, मॅडम. नाव कुणी घरी विसरत नाही," ललिता म्हणाली.

बोलायला ठीक होतं, पण पुढे फजिती झाली. एक बाई आईबरोबर बाळंतपणाला आली, तेव्हा तिचं एक नाव लागलं. बाळाला डोस द्यायला सासूबरोबर आली, तेव्हा दुसरंच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नवं नाव सासूच्या तोंडी, जुनं आईच्या तोंडी. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने सांगून टाकलं, ही बाई इथे कधी आलीच नाही.

दुसरा कुणी असता तर लोकांनाच दोष देऊन मोकळा झाला असता. ललिता स्वतःवरच चिडली. काउंटरवरच्या सुलाबाईंशेजारी खुर्ची टाकून ती बरेच दिवस नुसती ऐकत बसली. नाव विचारलं की कुणी म्हणे, "नाथाची मंडळी", कुणी म्हणे, "वरच्या आळीतली थोरली". ऐकता ऐकता तिला उमगलं, की नाव ही गाठोड्याला बांधलेली दोरी आहे. एका गाठोड्याला हव्या तेवढ्या दोऱ्या असाव्यात आणि कुठलीही ओढली तरी गाठोडं तेच हाती यावं. एका दोरीला दोन गाठोडी आलीच, तर प्रोग्रामने आपलं डोकं न चालवता दोन्ही समोर ठेवावीत, माणसाने पाहून ठरवावं.

मग काय, अर्धा प्रोग्राम मोडून तिने नव्याने लिहिला. सुलाबाईंना आता प्रत्येकीला विचारावं लागे: माहेरचं नाव, सासरचं नाव, वडील कोण, गाव कोणतं. रांग लांबायची, माणसं कुरकुरायची. डॉक्टरबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, हे प्रसूतिगृह आहे, वधूवर सूचक मंडळ नाही!" ललिता मनापासून हसली आणि एकही रकाना तिने काढला नाही. कौतुक करावं ते तिच्या या चिवटपणाचं.

दोन हजार सहाच्या द्राक्षहंगामातली दुपार. गिरणाऱ्याच्या चतुराबाई आपल्या सुनेला, मैनाला, जीपमध्ये घालून घेऊन आल्या. आठवा महिना, झटके आलेले, पोरीची शुद्ध हरपलेली. मुलगा अमोल द्राक्षांचा टेम्पो घेऊन मुंबईला गेलेला आणि त्याचा मोबाइल काही लागत नव्हता. ऑपरेशन ताबडतोब करायला हवं होतं.

"पहिलं बाळंतपण कुठे झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हितंच की! माहेरच्यांनी आणलं हुतं."

"तेव्हा कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?"

"नाय बाई, आम्हाला तर समदं चांगलंच सांगितलं."

सुलाबाईंनी 'मैना' टाकून पाहिलं. गिरणाऱ्याची मैना काही निघेना. माहेरचं नाव विचारलं तर चतुराबाई म्हणाल्या, "लग्नात आम्ही मैना ठिवलं. आधीचं काय हुतं बाई? घरात कधी कुणी घेतलंच नाय ते."

ललिता त्या दिवशी अडकलेला प्रिंटर बघायला आली होती. ती उठून पुढे आली, म्हातारीचा हात धरला. "मावशी, नाव राहू द्या. हिचे वडील कोण? गाव कुठलं?"

"धनराज. पिंपळगाव बसवंतचा."

त्या दोरीला दोघीजणी आल्या. एक चाळिशीच्या पुढची, दुसरी ऐन विशीतली, तिचा सासरचा रकाना माहेरच्यांनी कोराच सोडलेला. ललिताने तिचं नाव मोठ्याने वाचलं: सायली.

"तुमचा नातू कधी झाला, मावशी?"

"झेंड्याच्या दिवशी! साळंची पोरं गाणी म्हणत चालली हुती."

पडद्यावर सायलीच्या बाळंतपणाची तारीख पंधरा ऑगस्टच होती. आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: पेनिसिलिन देऊ नये, मागच्या वेळी गळा सुजून श्वास कोंडला होता. लेकीला सासरी कुणी नाजूक म्हणू नये, म्हणून आईने ही गोष्ट पोटात ठेवली होती. ललिता धावतच ऑपरेशनच्या खोलीकडे गेली. परिचारिकेच्या हातात इंजेक्शन भरलेलं होतं, पेनिसिलिनचंच. डॉक्टरबाईंनी ते बाजूला ठेवायला लावलं आणि दुसरं मागवलं.

मुलगी झाली, धडधाकट. पण भूल उतरायची वेळ टळून गेली तरी आई डोळे उघडेना. परिचारिकेने गालावर थापट्या मारून हाका मारल्या. "मैना, ए मैना," म्हणत चतुराबाईंनीही जीव टाकला. पोरगी ढिम्म. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला.

चतुराबाई दारात उभ्या असलेल्या ललिताकडे वळल्या. "मघाशी काय नाव म्हणला तुम्ही?"

"सायली."

म्हातारी खाटेवर वाकली. दुसऱ्याच्या लेकीला हाक मारावी तशी आधी बिचकली, मग म्हणाली, "सायली... ए सायली, ऊठ गं माझे बाय."

पापण्या हलल्या. कोरड्या ओठांतून बारीकसा "ओ" आला.

सासूच्या तोंडून ते नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती.