लाल कापडातली निळी फाईल

निवृत्त होऊन मला आता दुसरं वर्ष लागलंय. खंडेनवमीला बायको पाट मांडायला लागली की काळेवाडीची ती केस हटकून डोळ्यांपुढे येते. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक फाईल सापडत नव्हती आणि मी एका भल्या माणसाला चोर ठरवून मोकळा होणार होतो. नावं कुणाचीच देत नाही, माणसं अजून तिथंच राहतात.

दसऱ्यानंतरचा सोमवार होता. नवरात्रीचा बंदोबस्त नऊ दिवस उभ्यानं काढलेला, त्यामुळे डोकं जरा तापलेलंच होतं. सकाळी दहाच्या सुमारास एक बाई ठाण्यात आल्या. एका खासगी शाळेत त्या गणित शिकवायच्या. महिन्याभरापूर्वी त्यांच्या चारित्र्य पडताळणीच्या कागदांवर मीच सही केली होती, म्हणून चेहरा ओळखीचा होता. अमेरिकेतल्या एका शाळेत तीन वर्षं शिकवण्यासाठी त्यांची निवड झाली होती. बुधवारी मुंबईत वकिलातीत व्हिसाची मुलाखत होती. आणि पासपोर्ट, पदवीची मूळ प्रमाणपत्रं, तिकडच्या शाळेचं पत्र असं सगळं असलेली निळी फाईल कपाटातून नाहीशी झाली होती.

ठाणे अंमलदारानं सवयीप्रमाणे कागदपत्रं गहाळ झाल्याचा अर्ज पुढे सरकवला. बाईंनी त्याला हातही लावला नाही.

"साहेब, फाईल हरवली नाही. कुलपाच्या कपाटात होती. दागिने जागच्या जागी आहेत, फक्त फाईल गेलीय."

बुधवार हुकला तर पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. जानेवारीत रुजू झाल्या नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. शाळा, घर, लेक सांभाळून बाई चार वर्षं यासाठी झटत होत्या. सांगताना त्या रडल्या नाहीत, पण हातातला रुमाल पिळून पिळून त्याची पार दोरी झाली होती.

मी स्वतः घरी गेलो. दोन खोल्या, आरशासारख्या लख्ख. कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली देवाच्या फोटोमागे, आणि ती जागा घरातल्या सगळ्यांना माहीत. म्हणजे बाहेरचा चोर नव्हे. घरात माणसं चार. बाई, त्यांचे यजमान, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. यजमान चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये कामाला होते, त्या दिवशी रजा टाकून पलंग उचलून शोधत होते. सासूबाई दसऱ्याच्या दुपारीच एसटीनं बीडकडे लेकीच्या गावी गेल्या होत्या.

जिन्यात बाई हळूच म्हणाल्या, की निवड झाल्यापासून सासूबाई धड बोलत नाहीत, त्यांना हे जाणं पसंत नाही. मी विचारलं, त्यांना फोन केला का? केला नव्हता. यजमान म्हणत होते, म्हातारीला उगाच घोर नको. बाईंना वाटत होतं, विचारलं तर आरोप केल्यासारखं होईल. मलाही ते पटलं. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला अधिकारी मी, आणि घरातल्या एका माणसाला काही विचारलंच गेलं नाही, हे मला खटकलं नाही. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

संध्याकाळी खबर आली. त्या गल्लीच्या तोंडावर चहाची टपरी होती, तिचा मालक आमचा जुना खबरी. त्यानं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. आठवड्यापूर्वी टपरीवर दोस्तांनी यजमानांची चेष्टा केली होती, "आता तू पोळ्या लाटायला शिक, राव." त्यावर ते चिडून म्हणाले होते, "बघतोच कशी जाते ते." आणि दसऱ्याच्या सकाळी ते काखेत लाल कापडाचं गाठोडं घेऊन घाईघाईनं बाहेर पडले होते.

झालं. माझ्या मनात केस उलगडली.

मंगळवारी सकाळी यजमानांना बोलावून घेतलं. मुद्दाम अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. माणूस वाट बघताना स्वतःशी बोलतो, आमचं काम हलकं होतं. मग आत घेतलं आणि टपरीवरचं वाक्य तसंच्या तसं ऐकवलं. ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

"बोललो, साहेब. ती गेल्यावर लेकीची वेणी कोण घालणार, याच विचारानं झोप उडाली होती. पण तिचे कागद मी कशाला लपवू? तिचे फॉर्म भरायला मीच बसायचो."

मी गाठोड्याचं विचारलं. त्यात आपली हत्यारं होती, ते म्हणाले. व्हर्निअर, मायक्रोमीटर अशी मोजमापाची साधनं, नट आवळायचे पाने, सगळं स्वतःचं, घरी ठेवत असलेलं. नवमीला घरी पूजा झाली, दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा होती तिथं नेली आणि गाठ न सोडता लॉकरमध्ये ठेवली. मधे रविवार आला, सोमवारी ही रजा. सगळं सरळ होतं. पण मला त्या दिवशी सरळ काही ऐकायचंच नव्हतं. मी आवाज चढवला. ते बोटातली अंगठी फिरवायला लागले आणि मी मनात म्हटलं, आता फुटतोय.

तेवढ्यात ठाण्याची लिखापढी बघणारा आमचा रायटर स्टेशन डायरी सहीला घेऊन आला. डायरीच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं भलंमोठं बोट, आत झेंडूची पाकळी. मी वैतागून विचारलं, हे काय? तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची पिस्तुलं पुजली, तसं मी हिला पुजलं. माझं हत्यार हेच की."

मी डायरीकडे बघतच राहिलो. सही तशीच राहिली. यजमानांना विचारलं, घरी पूजा कुणी मांडली? ते म्हणाले, आईनं. गाठोडं कुणी बांधलं? आईनंच, मी नुसतं उचललं.

फोन लावायला सांगितला आणि मोठ्या आवाजावर टाकला. फाईल दिसत नाही म्हटल्यावर पलीकडून सासूबाई सहज म्हणाल्या, "आता गं बाई! ती तुझ्या गाठोड्यात हाय की, लेकरा. तेल लागू नये म्हनून माझ्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून खाली ठिवली, गाठ सोडलीस की दिसंल म्हनलं. तुझी हत्यारं पुजली, मग सुनेचं हत्यार कोन्तं? तिचे कागदच न्हवं?"

यजमान टेबलावर डोकं टेकून हसायला लागले, आणि हसता हसता रडले. मलाही हायसं वाटलं, पण घामही फुटला. फोन न करता मी आधी चाकणला गेलो असतो, तर फाईल त्यांच्याच लॉकरमधून, त्यांच्याच किल्लीनं, पंचांसमोर निघाली असती. मग त्या माणसावर कुणी विश्वास ठेवला असता? त्याच्या बायकोनंसुद्धा नाही.

दुपारी बाईंना घेऊन आम्ही कंपनीत गेलो. यजमानांनी गाठ सोडली. पान्यांखाली मऊ फडकं, फडक्यात निळी फाईल, फाईलमध्ये सगळे कागद. पासपोर्टच्या कव्हरवर मधोमध कुंकवाचं बोट. बाईंनी फाईल छातीशी धरली आणि तिथंच, ड्रिलिंग मशीनशेजारी, खाली बसल्या. इतका वेळ थोपवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. मी यजमानांची माफी मागितली. नोकरीत मी फार वेळा माफी मागितलेली नाही.

या केसनं मला एवढं शिकवलं, की ज्याचा संशय येतो त्याला आपण दमात घेतो, पण साधं विचारत नाही. पुढं प्रत्येक तपासात मी नव्या पोरांना पहिल्यांदा हेच विचारायचो, घरातल्या कुणाशी बोलायचं राहिलंय?

पंधरवड्यानं सगळं कुटुंब पेढे घेऊन ठाण्यात आलं. व्हिसा मिळाला होता. मुलीची एक वेणी वर, एक खाली; वडिलांचा सराव सुरू झालेला दिसत होता. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, सून तीन वर्षं लांब चालली. तुम्हाला तर ते पसंत नव्हतं म्हणे?"

त्यांनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जीव तुटतो, साहेब. म्हनून तर बोलवत न्हवतं. पन दसऱ्याला हत्यार पुजलं की शीव वलांडायची असती. मीच पुजलं, मग मीच कशी अडवू?"

बाई उठून त्यांच्या पायाशी बसल्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी पेढा तोंडात टाकला आणि रायटरला म्हटलं, आण ती डायरी, आजची सही राहिलीय.