खिडकीतून टाकलेला रुमाल

अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीसाठी थांबलो की माझा डोळा त्या आबांवर असायचा. नाव माहीत नाही. डोक्यावर पांढरी टोपी, काखेत पिशवी, आणि गाडी पुरती थांबायच्या आत धडपडत उठायची घाई. ते उठले की आम्ही सगळे उठायचो आणि पाटी न बघताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. कोपराने ढकलणारा, पायावर पाय देणारा हा माणूस मला अजिबात सहन व्हायचा नाही. तरी रोज त्याच्याच मागे जायचो!

परवा गाडी गावाबाहेर आल्यावर कंडक्टर म्हणाला, "धुळे? अहो, ही दोंडाईचा गाडी आहे."

माझं डोकंच फिरलं. "आबा, पाटी तरी बघायची! तुमच्यामागे आम्ही सगळे चढलो ना!"

आबांनी टोपी सारखी केली. "मी कोठे पुढे, भाऊ? मी तं तुमले देखीसन उठस. तुम्ही खिशातून रुमाल काढला का मी समजस, गाडी उनी, आली."

रुमाल मी घाम पुसायला काढला होता. आताही घाम फुटला होता, पण पुसायची हिंमत होईना.