वीणा कोणाच्या गळ्यात

उंद्रीच्या महादेवरावांनी एकतीस वर्षे एसटीत कंडक्टरकी केली आणि चाळीस वर्षे हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा दिला. पहिले काम पोटासाठी होते, दुसरे जीवासाठी. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाने दोन तास गळ्यात घालून उभे राहायचे, मग दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. घालताना देणारा घेणाऱ्याच्या पायांवर माथा ठेवतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. थोर कोण आणि लहान कोण, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. महादेवरावांचा पहारा पहाटेचा असे. धुक्यात मंदिराचा कळस दिसत नसे, आपलाच श्वास दिसत असे, आणि त्या श्वासाबरोबर नाम चालत असे.

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांच्या वर उभे राहायचे नाही म्हणून सांगितले. वीणा बसून धरत नाहीत. त्या वर्षी सप्ताहाच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. कोणी मुद्दाम गाळले नव्हते. त्यांनीच सांगितले होते. तरी यादी वाचताना त्यांचे बोट आपल्या नावाच्या जागेवर थांबले, आणि तिथे दुसऱ्याचे नाव होते.

त्याच महिन्यात त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला. नाव ठेवले ‘अखंड ओळ’. कंडक्टरकीत त्यांना चार ओळी जुळवायचा नाद लागला होता. रिकाम्या फेरीत, तिकिटाच्या गठ्ठ्यामागच्या पुठ्ठ्यावर ते लिहीत. जिल्हाभर असे नादी लोक होते, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी पिठाच्या गिरणीवाला. एकेक करून एकशे पाच जमले. रोज एकाने चार ओळी लिहायच्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. आदल्याचा शेवटचा शब्द पुढच्याने पहिला म्हणून उचलायचा. ज्याची पाळी, त्याच्या गळ्यात वीणा आहे, असे मानायचे.

नियम नऊ होते. महादेवरावांनी ते रेघी कागदावर वळणदार अक्षरात लिहिले, फोटो काढला आणि ग्रुपच्या माथ्यावर लावला. ओळ स्वतःची असावी, इकडून तिकडे ढकललेली नसावी. कोणी कोणाची भाषा सुधारू नये, ‘मले’ आहे ते ‘मले’च राहील. वीणा एकाच्या गळ्यात असताना बाकीच्यांनी गप्प बसावे. वाढदिवस, पक्ष, जातपात आणि गुड मॉर्निंग यांना मनाई. कोणाच्या गळ्यातली वीणा कोणी ओढून घेऊ नये. मात्र तीन संध्याकाळी उलटूनही कोणी पुढे दिली नाही, तर त्याला ग्रुपबाहेर करावे. हा नववा. आणि पाचवा असा: वीणा देणाऱ्याने ‘माथा ठेवतो’ असे लिहावे, घेणाऱ्यानेही तसेच लिहावे, त्याशिवाय वीणा गळ्यात आली असे समजू नये.

पुढचे नाव चिठ्ठीने निघे. एकशे पाच चिठ्ठ्या पितळी गडव्यात असत. रोज संध्याकाळी सातला त्यांच्या पत्नी झुंबरबाई डोळे मिटून एक काढत आणि रोज तेच म्हणत, “कंडक्टरकी सुटली, पण तुमची घंटी काही सुटली नाई.”

चारशे बारा दिवस ओळीला ओळ लागत गेली. पाचशेव्या दिवशी सगळ्यांनी चिखलीला एकत्र जमायचे, तिथे पाचशे रचनांची पुस्तिका निघायची, असे ठरले होते. मुखपृष्ठ तयार होते. त्यावर वीणा होती आणि खाली लिहिले होते, ‘एक दिवसही न तुटलेली’.

चारशे बाराव्या दिवशी पाळी राजकुमारची होती. हा वरवट बकालचा, पन्नास एकरांचा धनी, बोलका, ग्रुपमधले पंधरा-वीस जण त्यानेच आणलेले. त्याच्या ओळी दणकट असत. संध्याकाळी चिठ्ठी निघाली धम्मशीलाची. धम्मशीला बुलढाण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिशीतली. राजकुमारने लिहिले, “धम्मशीलाताई, तुमची पाळी. घ्या.”

धम्मशीलाने काही लिहिले नाही. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. ग्रुप गप्प होता, कारण नियमच गप्प बसायचा होता. पण महादेवरावांचा फोन गप्प नव्हता. पिठाच्या गिरणीवाल्याने विचारले, बाई आजारी आहे काय. एका मास्तरांनी लिहिले, नियम सर्वांना सारखे असावेत. तिसऱ्या दिवशी सकाळी राजकुमारचाच फोन आला.

“काका, आज तिसरी संध्याकाळ हाय. काढता ना तिले?”

“सात वाजू दे.”

“सात वाजल्यानं काय होणार हाय? पाचशेवा दिवस तोंडावर आला. एका बाईपायी साखळी तुटली म्हणजे?”

“ईचारतो तिले.”

“ईचारा. पण एक सांगून ठेवतो, नियम तुमी तोडला तं मी या ग्रुपात राह्यत नाई. अन् मी एकटा जाणार नाई.”

महादेवरावांनी फोन ठेवला. त्यांना धम्मशीला ग्रुपमध्ये आली तो दिवस आठवला. तिने नियमांचा कागद वाचून फोन केला होता. म्हणाली होती, “काका, मी देवापुढं वाकत नाई, आमच्या घरात ते नाई. माणसापुढं वाकायला मले अडचण नाई, पण ते दोन्हीकडून असंन तं.” त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले होते, “बाई, दोन्हीकडूनच असते. वीणा तशीच असते.” ते वाक्य बोलताना त्यांच्या अंगावर पहाटेच्या पहाऱ्याचा शहारा आला होता.

दुपारी त्यांनी तिला फोन लावला. मागे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग ती बाहेर आली असावी.

“बोला काका.”

“बाई, बरी हायेस ना? तीन दिवस झाले. वीणा तुह्या गळ्यात हाय.”

“माह्या गळ्यात कुठं हाय?”

“म्हणजे?”

“पाचवा नियम तुमीच लिहेल हाय, काका. वाचा एकदा. माह्या काउंटरवर पोरं उभी हायेत, ठेवते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रागापेक्षा ते त्यांना जड गेले.

ते खाटेवर बसले आणि राजकुमारचा संदेश पुन्हा उघडला. “तुमची पाळी. घ्या.” माथा नव्हता. मग ते मागे मागे सरकवत गेले. राजकुमारने आजवर चार जणांना वीणा दिली होती. मास्तरांना दिली तेव्हा माथा. ज्ञानेश्वर नावाच्या कोवळ्या कॉलेजकुमाराला दिली तेव्हाही माथा. तिसऱ्यालाही. धम्मशीलाला मात्र, घ्या.

त्यांनी राजकुमारला फोन केला. “माथा लिहायचा राह्यला तुह्याकून.”

पलीकडे हसणे आले. “अरे काका! घाईत राह्यला असंन. एक शब्द तं हाय.”

“बाकीच्या तिघाईच्या वेळी घाई नव्हती?”

हसणे थांबले. “तुमी काय हिशेब मांडून राह्यले? मी काही म्हणलो काय तिले? ताई म्हणलो. घ्या म्हणलो. अजून काय पाह्यजे?”

“माथा.”

“हे पाहा, काका. मी देतो ते देतो. पण पायावर डोकं कोणाच्या ठेवायचं, हे माहं मले ठरवू द्या.”

“तं मंग वीणा तुह्याच गळ्यात हाय,” महादेवराव म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांना हलके वाटले. वीणा सापडली होती. ती राजकुमारच्या गळ्यात होती, दोष राजकुमारचा होता, आणि सात वाजता ग्रुपवर तसे लिहिले की झाले. झुंबरबाई चहा घेऊन आल्या. त्यांना महादेवरावांनी सगळे सांगितले, थोडे आवेशाने सांगितले, पहाऱ्याची रीत सांगितली, माथ्याची थोरवी सांगितली. बाईंनी ऐकून घेतले. कप खाली ठेवला.

“आवो, त्या बाईची चिठ्ठी याआधी मी काढेल हाय. एकदा नाई, तीन बार. तवा कोणी देली तिले वीणा?”

“कोणी कोणी देली असंन.”

“पह्यल्या बारी तुमी देली. मले आठवते. तुमची ओळ होती, त्या म्हातारीची.”

“हाव. मी देली.”

“मंग तुमी वाकले काय?”

महादेवरावांनी फोन पुन्हा हातात घेतला. चारशेपासून तीनशे, तीनशेपासून दोनशे, बोट दुखेपर्यंत ते मागे गेले. दोनदा मध्ये धम्मशीलाचे नाव आले. एकदा मास्तरांनी दिली होती, एकदा गिरणीवाल्याने. दोघांनी लिहिले होते, “घ्या ताई.” आणि दोन्ही वेळा खाली तिने लिहिले होते, “माथा ठेवते.” एकटीनेच.

मग सत्त्याण्णवावा दिवस आला. त्यांची स्वतःची ओळ होती:

घंटी दिली मी, गाडी हालली,
म्हातारी राहिली खाली पिशवी घेऊन,
म्हणालो, पुढच्या गाडीनं या,
अजून डोळ्यांपुढं तिची वाट.

खाली त्यांच्याच हातचे शब्द होते: “धम्मशीलाताई, तुमची पाळी आली. घ्या.” आणि त्याखाली तिचे: “माथा ठेवते.”

त्यांनी आठवून पाहिले. त्या दिवशी मनात काय होते? काहीच नव्हते. तिटकारा नव्हता, विचारही नव्हता. बोटे आपली आपण ‘घ्या’वर थांबली होती. चाळीस वर्षे ज्या माथ्याने पाय शोधले, तो माथा तिथे आपोआप ताठ राहिला होता आणि त्यांना कळलेसुद्धा नव्हते. पुढच्यांनी त्यांचेच पाहून तसे लिहिले होते. नियम लिहिणाऱ्यानेच असे लिहिले, तर तीच रीत.

पाचवा नियम म्हणत होता, त्याशिवाय वीणा गळ्यात आली असे समजू नये. म्हणजे ती राजकुमारच्या गळ्यातही नव्हती. राजकुमारपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. सत्त्याण्णवाव्या दिवसापासून ती महादेवरावांच्याच गळ्यात होती, आणि पुढचे तीनशे पंधरा दिवस माणसे वीणेवाचून गायली होती.

झुंबरबाई गडवा घेऊन दारात उभ्या होत्या. सात वाजत आले होते. “काढू काय चिठ्ठी?”

“नको. आजची निघेल हाय.”

“मंग पुस्तक? पाचशेवा दिवस?”

“पुस्तकावर एक दिवसही न तुटलेली असं लिहेल हाय, झुंबर. ते खोटं हाय.”

त्यांनी लिहायला घेतले. भरभर लिहून होईना. दोनदा पुसले. सात वाजून चार मिनिटांनी ग्रुपवर आले ते एवढेच:

“सर्व सभासदांस कळावे. वीणा धम्मशीलाताईंकडे नाही आणि राजकुमाररावांकडेही नाही. सत्त्याण्णवाव्या दिवशी ती मी ताईंना दिली, पण माथा ठेवला नाही. ती माझ्या गळ्यातून निघालीच नव्हती. मधल्या तीनशे पंधरा रचना ज्यांच्या त्यांच्या आहेत, चांगल्या आहेत, पण साखळीत धरता येणार नाहीत. उद्याचा दिवस अठ्ठ्याण्णवावा. पुस्तिका पुढे ढकलली आहे. धम्मशीलाताई, वीणा घ्या. माथा ठेवतो. महादेव.”

खाटेवरून ते उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली. फोन दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाईपर्यंत उभेच राहायचे असते म्हणून.

आधी राजकुमार गेला. ‘ग्रुप सोडला’ अशी करडी पट्टी आली. तिच्याखाली दुसरी, तिसरी. अकरा झाल्या. मास्तर गेले नाहीत, पण त्यांनी लिहिले, चारशेवरून सत्त्याण्णववर येणे योग्य वाटत नाही. मग नियम आठवून त्यांनी ते पुसून टाकले. ज्ञानेश्वरने नुसते जोडलेले हात पाठवले आणि तेही पुसले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. झुंबरबाई म्हणाल्या, “बसा आता, पाय सुजतीन.” ते बसले नाहीत. भिंतीला टेकले.

पावणेआठला फोन थरथरला. धम्मशीलाने ग्रुपवर लिहिले:

“माथा ठेवते, काका. गळ्यात आली. कितवा दिवस म्हणाले?”

“अठ्ठ्याण्णवावा, बाई.”

“मंग तुमचा शब्द वाट होता.”

त्या शब्दावर तिने तेव्हा एक रचना केलेली होती. ती तिने परत टाकली नाही. उद्याची म्हणून नवी लिहिली:

वाट पाह्यली मी, पण म्हातारीवानी नाई,
थांब्यावर बसले होते वही उघडून,
गाडी आली तं आली,
नाई तं ओळ होतीच सोबत.

महादेवरावांनी ती मोठ्याने वाचली, मग खाटेवर टेकले. झुंबरबाईंनी गडवा मांडीवर घेऊन त्यातल्या चिठ्ठ्या ओतल्या आणि गेलेल्या अकरांच्या वेचायला सुरुवात केली. वाचता येईल तेवढे वाचत होत्या, अडले की चिठ्ठी त्यांच्यापुढे धरत होत्या. राजकुमारची सापडली तेव्हा त्यांनी ती जरा वेळ बोटांत धरली.

“हे टाकू?”

“टाक. तो नाई आता.”

त्यांनी ती बाजूला टाकली. उरलेल्या चौऱ्याण्णव चिठ्ठ्या भांड्यात परत गेल्या. महादेवरावांनी रेघी कागदाचा फोटो उघडला, पाचवा नियम एकदा वाचला आणि त्यात काही बदलले नाही. मग वहीत उद्याच्या तारखेपुढे अठ्ठ्याण्णव लिहिले आणि त्यापुढे, धम्मशीलानंतरच्याने उचलायचा शब्द म्हणून, सोबत.