बाबांच्या पायाचा अंगठा

गावच्या नाटकात मी राक्षस होतो आणि चांगला राक्षस होतो, हे आधीच सांगून टाकतो. कारण यापुढं माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही येणार नाही. तोंडाला काजळ फासून मी आरोळी ठोकली की वलगावच्या बायका लेकरं पोटाशी धरत. त्या एका आरोळीच्या भरवशावर मी अमरावतीच्या शाळेत नट म्हणून मिरवत होतो.

तेव्हा समुद्रापलीकडं कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शाळेत पुण्याहून नवे मास्तर आले होते. बक्षीस समारंभात मुलांनी नाटकाचा एक प्रवेश करावा असं त्यांच्या मनात आलं. पण त्यात देव नको, राक्षस नको, गाणंही नको. "बाजारात रोज घडतं तेच दाखवायचं. लोकांना वाटलं पाहिजे, आपण नाटक बघत नाही, सौदाच बघतोय." प्रवेश त्यांनीच लिहिला. कास्तकार कापूस घेऊन येतो, दलाल भाव पाडतो, शेवटी सौदा पटतो. वर्गात शेतीवाल्याचा मुलगा मीच, म्हणून कास्तकार मी. दलालाचं काम अमरावतीतल्याच एका दलालाच्या मुलाला दिलं.

पहिल्या तालमीत मी आत आलो, छाती फुगवली आणि "राम राम शेठजी!" म्हणालो. खिडकीतलं कबूतर उडून गेलं.

मास्तरांनी कानातलं बोट काढलं. "अरे, तू कापूस विकायला आलायस की शेठजींना खायला?"

आवाज कसाबसा खाली आला. मग खरी अडचण पुढं आली. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. मास्तरांना खरं हवं होतं, तेव्हा आम्ही खरं केलं. रुमाल टाकला, बोटं दाबली, आणि दोघं दगडासारखे बसून राहिलो. वर्गातली पोरं जांभया द्यायला लागली.

मास्तर गडबडले. "काहीतरी दिसू दे रे! चेहऱ्यावर दिसू दे!"

एवढंच मला हवं होतं. भाव पडला की नाक मुरडायचं, थोडा चढला की एक भुवई वर, पुरता चढला की दोन्ही. अशी मी तोंडाची सगळी व्यवस्था लावली. पोरं पोट धरून हसली. दलालाचा मुलगा मात्र म्हणाला, "असा कास्तकार माह्या बापाले एक तरी भेटाव बे! एका हंगामात माडी बांधीन तो."

मास्तरही खूश नव्हते. "तुझ्या वडिलांना बघ जरा. आठ दिवसांत जमलं नाही, तर काम दुसऱ्याला देईन."

म्हणून मी वलगावला घरी गेलो. बाबांना काय ते सांगितलं.

"कास्तकाराचं सोंग घेतो? कास्तकार व्हाले शाळेत कायले जा लागते? घरीच बस ना," बाबा म्हणाले.

मी कामाला लागलो. बाबा भाकर कशी मोडतात, बैलाच्या पाठीवर हात कसा ठेवतात, खोकताना कुठं बघतात, सगळं टक लावून पाहायचं आणि मागं उभं राहून करून बघायचं. दुसऱ्या दिवशी बाबांनी घास हातात धरून विचारलं, "काहून पाहून राहिला बे माह्याकडं?"

"काही नाही."

"याले काही झालं का वं?" त्यांनी मायला विचारलं. माय म्हणाली, "लग्न करा लागते त्याचं." आणि सावधगिरी म्हणून मीठमिरच्याही ओवाळून टाकल्या.

कापसाची गाडी अमरावतीला निघाली तेव्हा मी वर चढून बसलो. यापेक्षा मोठी तालीम कुठली? दलालाच्या गादीवर बाबा वहाणा काढून, एक गुडघा वर घेऊन बसले. हा दलाल म्हणजे माझ्या जोडीदाराचाच बाप. हातांवर रुमाल पडला. मी बाबांच्या पाठीमागं, जरा बाजूला उभा राहिलो.

बाबांचा चेहरा म्हणजे बंद दार. पापणीसुद्धा हलत नव्हती. पण मी आता नटाच्या डोळ्यांनी पाहत होतो, आणि ते मला दिसलं. दलालानं कमी भाव दाबला की बाबांच्या पायाचा अंगठा आत वळे. भाव मनासारखा येऊ लागला की तो हळूच सरळ होई. इतकी वर्षं हा माणूस तोंड मिटून सौदे करत होता आणि त्याचा अंगठा सगळं बोलत होता! आणि सगळे बाबांच्या तोंडाकडं पाहत असल्यामुळं कोणाला पत्ताच नव्हता.

मी हरखलो. अंगठा वळला की माझं नाक मुरडे. अंगठा उघडला की भुवई वर. रंगात आलो होतो. दलाल बाबांना सोडून त्यांच्या खांद्यावरून मागं पाहतोय, हे मला फार उशिरा कळलं. माझी एक भुवई वर गेली त्याच घडीला त्यानं भाव चढवणं थांबवलं. दुसरी वर जायची राहूनच गेली.

बाबांनी मान वळवली. माझी भुवई अजून वरच होती.

"बैलाकडं तोंड कर," बाबा म्हणाले.

बाकीचा सौदा मी बैलाचं शेपूट पाहत ऐकला. ऐकण्यासारखं अर्थात काही नव्हतंच.

परतीच्या वाटेवर वलगाव जवळ आलं तशी बाबांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "माह्या मनातलं तुले कसं कळलं बे?"

अंगठ्याचं सांगितलं असतं तर बाबांनी तो नाटकात येऊ दिला नसता, आणि नाटकाचा जीवच गेला असता. मी म्हणालो, "अंदाजानं."

"नाटक बंद."

माझा चेहरा इतका पडला असावा की त्यांनाच कीव आली. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. "थांब. मी बोटं दाबतो. तोंडावर काही दिसलं नाही, तर जाय नाटकात."

बाबांचं बोट दाबणं म्हणजे अडकित्त्यात सुपारी. मी पहिल्यांदा ओरडलो. मग नुसता कण्हलो. पुढचे दिवस जेवण झालं की रुमाल ठरलेला. शेवटी एकदा डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड जागचं हललं नाही, आणि बाबा म्हणाले, "आता माह्यावानी दिसून राहिला."

तालमीला मी तसाच बसलो. चेहरा बंद. वर्गात शांतता. एवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. माझा अंगठा वळत होता. मास्तर खाली वाकून पाहतच राहिले. "हे कुठून आणलंस?" त्यांनी आम्हाला ओळीनं मांडलेल्या बाकांवर, लोकांच्या डोळ्यांसमोर पाय येतील असं बसवलं.

समारंभाला बाबा आले होते, माझी परीक्षा घ्यायला. त्यांच्या शेजारी नेमका तो दलाल. प्रवेश असा रंगला की काय सांगू! अंगठा वळला की मांडव हसे, उघडला की टाळ्या. माझं तोंड बंद दारासारखं होतं. बाबांना नाव ठेवायला जागा नव्हती. ते छाती काढून बसले होते.

मग दलाल हसता हसता थांबला. त्यानं मंचाकडं पाहिलं. मग मान खाली घालून बाबांच्या पायाकडं पाहिलं. बाबांनीही पाहिलं. अंगठा वळलेला होता.

बाबांनी तो पाय हळूच मांडीखाली घेतला.

घरी आल्यावर हुकूम झाला. पुढल्या वर्षी नाटकाचं नाव काढायचं नाही. हरकत घ्यायला मला तोंड नव्हतं. महिनाभरात बाबांचा अंगठा अकोल्याच्या बाजारातही ठाऊक झाला.

पुढचा हंगाम आला. बाबा मला मुद्दाम घेऊन गेले आणि आपणहून बैलाजवळ उभं केलं. तोच दलाल, तीच गादी. आता कोणी बाबांच्या तोंडाकडं पाहत नव्हतं. दलाल, त्याचा मुनीम, जाणारे-येणारे, सगळ्यांचे डोळे अंगठ्यावर. अंगठा वळला. दलालानं भाव चढवला. अंगठा आणखी वळला, अगदी दुखल्यासारखा. दलाल घामेजला, पुन्हा चढवला. अंगठा तळव्यात शिरेल की काय असं वाटलं. शेवटी दलालानं हात झटकून रुमाल काढला. "घ्या पाटील, तुमच्या मनासारखं! आता तरी तो पाय सोडा!"

तेव्हा कुठं अंगठा सरळ झाला.

रिकामी गाडी वलगावच्या वाटेला लागली. बाबा बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसले होते. वळवून वळवून त्याला पेटका आला होता.

"तुह्या मास्तरले सांगजो," ते म्हणाले, "औंदाच्या नाटकात कास्तकार मी हावो. तू बैल हो."